मागच्या खोलीचं छत

२ एप्रिल
व्याही आले. शॅनन विमानतळापासून लिमरिकपर्यंत गाडीत सुनेचा, मु.चा हात धरून बसले होते. ते समजू शकतो, बाप आहे. पण घरात पाऊल टाकलं आणि बूट काढायच्याही आधी भिंतीला तळवा टेकवला. "निरंजनराव, भिंत ओली आहे." माझा मुलगा नि. लगेच, "हो ना अप्पा, तेच तुम्हाला दाखवायचं होतं."
मी आयर्लंडातल्या या घरात पाच हिवाळे काढले. ती ओल मला रोज दिसते. मी तिला मनातल्या मनात दव म्हणतो. कुणी मला विचारलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही.
माझ्यासाठी संत्र्याची बर्फी आणलीय. चांगली आहे. वाईट असती तर बरं झालं असतं.

४ एप्रिल
व्याही व.रावांनी नागपुरात जन्मभर शीतगृहं सांभाळली. बाहेर सगळं भाजून निघत असताना आत संत्री गार ठेवायची. म्हणजे इथे सगळं उलट. तरी म्हणतात, "तेच आहे ना बापा! तिथं गरमी आत येऊ द्यायची नाही, इथं बाहेर जाऊ द्यायची नाही. भिंतीला काय समजते?"
नि. हसला, मु. हसली. इराही हसली. आठ वर्षांची पोर, तिला काय कळलं?
मी पोस्टात होतो. पोस्टातलं काहीच या घराच्या उपयोगाचं नाही.

६ एप्रिल
सकाळी देवांपुढे उदबत्ती लावायला गेलो तर पुडा जागेवर नाही. दिवाणखान्यात पाहतो तो व.राव पेटती उदबत्ती घेऊन खिडकीच्या चौकटीवरून फिरवतायत. धूर सरळ वर जाता जाता एका जागी एकदम आडवा झाला. "बघ इरा, इथून वारा शिरून राहिला." इरा तिथे खडूने फुली मारते. मग विजेच्या बटणांची पाटी, मग दाराची फट, मग जिन्याखाली. सगळं घर फुल्यांनी भरलं. "आबा, इट्स मॅजिक!" मला सांगायला आली, तेवढीच. लगेच परत त्यांच्यामागे.
मी पाच वर्षं तिला उदबत्ती लावायला बोलावतोय. एकदाही आली नाही.
दुपारी सुचलं:
धुराची रेघ वाकली, वारा घरात शिरला,
माझ्या हातचा खेळ कुणी हळूच उचलून नेला.
दुसरी ओळ जरा लांबलीय. राहू दे.

९ एप्रिल
सरकारमान्य तपासनीस बाई आल्या होत्या. भिंती, काचा, तेलाचा बॉयलर, माळा, सगळं बघून घराला 'ई' दिला. घर ऊब किती धरून ठेवतं त्याचे शाळेसारखेच शेरे, ए पासून जी पर्यंत. मला घराची दया आली. इतकी वर्षं कुणी काही म्हटलं नाही आणि एक दिवस बाई येऊन ई देऊन जाते.
व.रावांना दया वगैरे नाही. "बी करून दाखवतो." बाईंच्या मागे मागे माळ्यावर, मागे मागे बागेत. मोडकं इंग्रजी बोलतात, पण थांबत नाहीत. बाई जाताना त्यांना म्हणाल्या, "यू शुड वर्क फॉर अस." आणि मला "बाय-बाय, टेक केअर". लहान मुलाला म्हणतात तसं.
इराने स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दारावर (कपाट म्हटलं की ती मला दुरुस्त करते) चित्र चिकटवलंय. घर, त्यावर मोठा हिरवा बी. खाली, नानूज् हाऊस.
नानूचं घर. बरं.

१५ एप्रिल
बेत असा ठरला. भिंतींना बाहेरून जाड थर. माळ्यावर आणि मागच्या खोलीच्या छतात इन्सुलेशन. तेलाचा बॉयलर काढून हीट पंप, तो म्हणे उलटा केलेला फ्रीज. या सगळ्याला सरकार पैसे देतं, पण आधी अर्ज, मग मंजुरी, मग काम. आणि दिवाणखान्यातली फायरप्लेस बंद करायची. व.राव म्हणाले, "चिमणी म्हणजे आभाळ तापवायचा धंदा."
त्या फायरप्लेसपाशी मी संध्याकाळी पीटच्या, म्हणजे इथल्या दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विटा पेटवतो. इरा मांडीला टेकून बसते आणि आम्ही कविता म्हणतो, चौथीतल्या, पाचवीतल्या. आमचे मास्तर शिकवायचे तशा चालीवर, टाळीच्या ठेक्यात. अर्थ तिला निम्मा कळतो, पण ठेका चुकत नाही. माझ्याकडे द्यायला एवढंच आहे.
म्हणालो, "उघडीच राहू दे की ती."
नि. मऊ आवाजात, "बाबा, रेडिएटर चांगले गरम होतील. तुम्हाला खोकला होतो ना."
सगळं माझ्या खोकल्यासाठी. मला वाद घालायला जागाच नाही ठेवली.
मागची खोली कशासाठी करतायत ते कळलं नाही. तिथे सायकली आणि खोकी असतात. विचारलं तर मु. म्हणाली, "असू दे बाबा, एकदम होऊन जाईल."

१९ एप्रिल
रात्री जेवताना इरा पाखराची कविता म्हणत होती, आमची. मधेच व.राव सुरू झाले, "अरे, ही तर आम्हालाही होती!" आणि भसाड्या आवाजात, वेगळ्याच चालीत, ताट वाजवत. तिसऱ्या कडव्यातली एक ओळ गाळली. मी बोलणार नव्हतो. बोललो.
"वसंतराव, एक ओळ राहिली."
"राहू द्या मधुकरराव, पाखरू पोचलं ना घरट्यात!"
सगळे खो-खो. इरा त्यानंतर त्यांच्याच चालीवर म्हणतेय, ती ओळ गाळून. मास्तरांनी छडी मारली असती. तिला नाही, त्यांना.

२४ एप्रिल
अर्ज गेला. व.रावांनी जेवणाच्या टेबलावर नियम वाचून दाखवले, सरपंचासारखे. मुख्य नियम, मंजुरीच्या आधी काम सुरू केलं तर त्या कामाचं अनुदान नाही.
मी म्हटलं, तीस तारखेला अक्षय्य तृतीया आहे. एवढं मोठं काम, मुहूर्त तरी करू. या घरात पंचांग मला एकट्यालाच कळतं.
नि., "बाबा, मंजुरी आल्यावर बघू ना."
"मंजुरी काय, पितृपक्षातसुद्धा येईल."
व.राव हसून, "करा ना बापा, फोडा नारळ! आम्ही शीतगृहाला पण फोडायचो." म्हणजे परवानगीही त्यांनीच दिली.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया
आज मन भरलं.
ठेकेदाराच्या गोदामात जागा नाही म्हणून इन्सुलेशनचे रोल आधीच आपल्या गॅरेजमध्ये येऊन पडलेत. आज आणखी टाकायला कॉनर आला, त्यांचा मुकादम. तांबडी दाढी, अंगाने धिप्पाड, बोलायला गोड. घरी कुणी नव्हतं. नि. आणि मु. कामावर, व.राव इराला शाळेतून आणायला गेलेले. मी कॉनरला सांगितलं, आमच्यात आज फार चांगला दिवस. आज ठेवलेलं कधी सरत नाही. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, त्याची आजीपण नव्या घरात आधी मीठ नेऊन ठेवायची. ग्रँड, म्हणाला, एक रोल ठेवू.
मागच्या खोलीचं छत ठेंगणं, म्हणून तिथेच. त्याने शिडी धरली. मी चढलो. गेल्या कित्येक वर्षांत शिडी चढलो नव्हतो. वर अंधार, लाकडाचा जुना वास, कौलांच्या फटीतून उजेडाची एकच काडी. रोल कॉनरने वर सरकवला, पिंजलेल्या कापसासारखा. दोन तुळयांमध्ये मीच पसरला. हळद-कुंकू, एक फूल, बागेतलंच, नाव माहीत नाही. नारळ मात्र खाली अंगणात फोडला. कॉनरने फोटो काढले. खोबरं खाऊन म्हणाला, लव्हली.
घराचा पहिला रोल माझ्या हातचा. व.रावांनी कितीही फुल्या माराव्यात.
संध्याकाळी सर्वांना प्रसाद दिला. वर चढल्याचं बोललो नाही. उगाच मु. ओरडली असती.

१२ मे
मंजुरी आली. व.राव आणि इरा यांचा स्वयंपाकघरात नाच. मी टाळ्या वाजवल्या. बसून.

१९ मे
काम सुरू. घराभोवती लोखंडी परांच्या. व.राव सकाळपासून मजुरांच्यात. चहा त्यांच्याबरोबर, मोठ्या मगमध्ये. कामगार त्यांना 'बॉस' म्हणतात. मला 'सर'. सर म्हणजे बाजूला व्हा.
कॉनर मला बघून हसला आणि त्यांच्यातल्या एकाला म्हणाला, "युअर मॅन ब्लेस्ड द रूफ." अभिमान वाटला. तेवढाच.

२० मे
कॉनरला प्रत्येक कामाची सुरुवात कधी झाली ते सहीनिशी द्यायचं असतं. छताच्या कामापाशी तो अडला. नि.ला बाजूला घेऊन म्हणाला, यातला पहिला रोल तीस एप्रिललाच टाकलाय. खोटी तारीख घालता येणार नाही, सॉरी. फोटो मोबाइलवर आहेत, त्याच्या बायकोनेही पाहिलेत. नंतर तपासणीत उघड झालं तर त्याचं लायसन्स जाईल. त्यालाही त्या दिवशी सुचलं नाही. एक म्हातारा माणूस, एक फूल. त्याला वाटलं, प्रार्थना.
नि. माझ्याकडे आला. चेहरा पांढरा.
"बाबा, सांगितलं होतं ना, मंजुरीच्या आधी काही नाही?"
"मी काम सुरू नाही केलं. मुहूर्त केला."
"त्यांच्या लेखी ते एकच आहे बाबा!"
"आपल्याकडे नारळ फोडून लोक वर्षवर्ष वीट हलवत नाहीत."
"पण तुम्ही नुसता नारळ नाही फोडलात. तुम्ही रोल टाकलात. वर चढलात! पडला असतात म्हणजे?"
सगळे उभे. इरा जिन्यावर. आणि मग व.राव पुढे झाले. "निरंजनराव, मीच म्हटलं होतं ना, फोडा नारळ म्हणून. चूक माझी आहे. यांना काहून बोलून राहिले तुम्ही?"
मु. वडिलांकडे असं काही बघत होती.
चूक माझी होती. ती तरी माझ्याकडे राहू द्यायची.

२२ मे
भिंती आणि हीट पंपाचं अनुदान शाबूत. छताचं गेलं, मुख्य माळा आणि मागची खोली मिळून एकच अर्ज होता. नि.ने विनंतीची मेल पाठवलीय. उत्तर नाही. मुख्य माळा पदरचे पैसे घालून करू म्हणतो, मागची खोली पुढच्या वर्षी बघू. छत न करता तिथे रेडिएटर बसवणं म्हणजे बाग तापवणं.
मु. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. "बाबा, भात." "बाबा, गोळी."

२३ मे
खालून पाणी आणायला गेलो. स्वयंपाकघरात दोघं. मी दाराबाहेर थांबलो. थांबायला नको होतं, तरी थांबलो.
मु., "अप्पांना तिकडे एकटं कसं पाठवू? बायपास होऊन वर्ष नाही झालं. वकीलबाई म्हणाल्या, त्यांच्या राहण्याची नीट सोय दाखवता आली तर कायमचं राहायच्या अर्जाला बळ येईल. म्हणून तर मागची खोली…"
नि., "बाबांना ठाऊक नव्हतं गं."
मु., "नसेल."
त्या 'नसेल'मध्ये पुष्कळ होतं.
मला खरंच ठाऊक नव्हतं. पण ऐकल्या ऐकल्या, अगदी पहिल्या क्षणी, मला बरं वाटलं. थंड खोली, म्हणजे माणूस परत जाणार. हे इथे लिहून ठेवतो. बाकी कुठे लिहिणार नाही.

२८ मे
व.राव मागच्या खोलीत खोक्यावर बसले होते. मी गेलो. वर छताची झडप उघडी, माझा रोल तिथेच पसरलेला, कडेला कुंकू.
म्हणाले, "बसा मधुकरराव. ही म्हणे माझी खोली."
"मला माहीत नव्हतं."
"मला तरी कुठं माहीत होतं? काल सांगितलं पोरीनं. मी म्हटलं, मला विचारलं काहून नाही? तर रडून राहिली."
ते वर बघत बोलत होते. सकाळी फिरायला जाणारी त्यांची चौकडी आहे. तलावाच्या कट्ट्यावर बसून सरकारला शिव्या देतात, मग पोहे. शेजारच्या पोराला ते जळक्या मोटरची तार नव्याने गुंडाळायला शिकवतायत. आंगणात मोसंबीचं झाड. "इथं ऊन कुठं आहे बापा? घर मी गरम करून देतो. राहायचं तर उन्हात."
म्हणजे हा माणूस जायला तयार आहे. त्याला जायला जागा आहे. चौकडी, कट्टा, मोसंबी. माझं साताऱ्याचं घर विकून झालं. मला पाठवायचं म्हटलं तर कुठे पाठवतील?
आत्तापर्यंत वाटत होतं, तो इथे आहे म्हणून माझा जीव जळतो. आज कळलं, त्याला तिथेही काही आहे, हे जास्त जळतं.

२ जून
हीट पंप सुरू झाला. बाहेर करड्या रंगाची पेटी, घूं घूं करते. माझी खोली खरोखर उबदार आहे. रात्री खोकलो नाही. या उबेत कुणाचा हात आहे ते ठाऊक असूनही झोप छान लागली. ते आणखी लागलं.
फायरप्लेस बंद झाली. इरा आता माझ्या खोलीत येऊन बसते, रेडिएटरला पाठ लावून. कविता त्यांच्या चालीवर. मी गाळलेली ओळ मधे घालतो, ती हसून पुन्हा गाळते. "नानूज् व्हर्जन इज बेटर क्रॅक, आबा." क्रॅक म्हणजे मजा. पोस्टात असताना एक पत्र गहाळ होऊ दिलं नाही, आता एक ओळ तिच्यापर्यंत पोचवता येत नाही.

६ जून
मु. आज माझ्या पलंगावर येऊन बसली. बऱ्याच दिवसांनी नीट बोलली.
"बाबा, अप्पांचं तिकीट पंधरा तारखेचं आहे. ते माझं ऐकत नाहीत. तुम्ही सांगितलंत तर थांबतील."
"मी?"
"ते तुम्हाला मानतात. म्हणतात, मधुकररावांसारखं पाठांतर मी कुणाचं पाहिलं नाही." (हे मला कधी म्हणाले नाहीत.) "आणि खोलीचं… मागची होईपर्यंत तुमच्या खोलीत दुसरा पलंग टाकू. अर्जात तशी सोय दाखवता येईल. तुम्हाला चालेल ना?"
मी म्हटलं, बघतो. तिने माझा हात धरला, विमानतळावरून येताना त्यांचा धरला होता तसाच जवळजवळ.
गेल्यावर मी खोली बघत राहिलो. पलंग खिडकीशी लावला तर रेडिएटर त्यांच्या बाजूला येतो. म्हणजे इरा त्यांच्याच बाजूला बसणार.

७ जून
संध्याकाळी व.राव बागेत पंपाच्या पेटीला कान लावून उभे होते. मी गेलो.
"वसंतराव, तिकीट पुढे ढकला."
"काहून?"
मी तयारी करून गेलो नव्हतो.
"मुग्धानं सांगितलं वाटते तुम्हाला?"
"हो."
"तिचं ती सांगेल. तुम्ही तुमचं सांगा मधुकरराव." मग पेटीवर थाप मारून, "मी घोरतो. ते पण ऐकून ठेवा."
मी तोंड उघडणार तेवढ्यात वरच्या खिडकीतून इराची हाक, "नाऽनू!" ते गेले. हाक त्यांना एकट्यांनाच होती. मी पेटीजवळ उभा. तिच्यातून गार वारा अंगावर येत होता. ऊब आत, गारठा बाहेर, तसाच तिचा धर्म.

८ जून
माझं काय ते सांगायचंय. रात्रभर जुळवतोय.
राहा, म्हणजे लेकीला बरं वाटेल. हे तिचं. राहा, तब्येत सांभाळली जाईल. हे त्यांचं.
माझं असं आहे. हे परत गेले की इराकडे यांची फक्त आठवण राहील. खडूच्या फुल्या, ताट वाजवणं, 'बॉस'. आठवणीतला माणूस घोरत नाही, ओळी गाळत नाही, म्हातारा होत नाही. त्याच्यापुढे मी कसा टिकणार? समोर असले तर निदान रोजच्या रोज भांडता येईल, चाल दुरुस्त करता येईल, पोर दोघांच्या मधे बसेल, कधी त्यांच्याकडे झुकेल, कधी चुकून…
हे असंच्या असं कसं सांगू?
खाली कपबशा वाजतायत. उठलेत. चहा तेच करतात आता, माझाही. साखर बरोबर घालतात.
जातो. आत्ताच सांगतो. "वसंतराव, माझ्यासाठी म्हणून…" पुढचं जिन्यात सुचेल.